आज पाणी कुणाचं?

गल्लीत तिला सगळे पानाबाई म्हणतात, कारण कमरेला पाना अडकवल्याशिवाय ती दूध आणायलाही बाहेर पडत नाही. नळदुरुस्ती हा तिचा धंदा आणि राग हा जोडधंदा. कुणाच्या बाथरूममध्ये वाकून बसलेली असताना मागून घरमालक म्हणाला, "बाई, जमेल ना तुम्हाला?" की ती पाना खाली ठेवते, उठून उभी राहते आणि म्हणते, "जमणारं माणूस घरात असतं तर मला बोलावलं असतं का? या, बसा खाली. मी बघते." मालक मुकाट्याने आत निघून जातो.

गळका नळ तिला बघवत नाही. बँकेच्या रांगेत उभी असली आणि कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ टपटपत असला, तर ती रांग सोडते, आधी नळ आवळते, मग रखवालदाराशी भांडते आणि मग मुकाट्याने रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहते. आणि याच बाईच्या घरात तिची दोन पोरं दात घासताना नळ धो धो सोडून आरशात एकमेकांना वेडावून दाखवत बसायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

थोरल्याला घरात वकील म्हणतात, कारण चूक कुणाचीही असो, त्याच्याकडे बाजू तयार असते. धाकटी म्हणजे फौजदार. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. ही दोन्ही नावं बापाने ठेवलेली. बाप बेकरीत भट्टीवर असतो. पहाटे जातो, दुपारी येतो, अंगाला पावाचा वास आणि ओठांवर काहीतरी गंमत. त्याच्या वाट्याचा राग भट्टीतच जळून जात असावा. उरलेला सगळा बायकोकडे.

पानाबाईने पोरांना समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा तर नळ सुरू ठेवणाऱ्याचं जेवण बंद अशी धमकीही देऊन पाहिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात शाळेत 'पाणी वाचवा' अशी चित्रस्पर्धा झाली आणि वकिलाला पहिलं बक्षीस मिळालं. चित्रात पृथ्वी ढसाढसा रडत होती. ते चित्र रंगवून झाल्यावर पोरगा ब्रश धुवायला बेसिनशी गेला, नळ सोडला आणि बक्षिसाची स्वप्नं बघत उभा राहिला. पानाबाई दारात.

"पृथ्वी का रडते ते आत्ता कळलं मला," ती म्हणाली. "तुझं ब्रश धुणं बघून."

"आई, त्यात रंग घट्ट बसलाय. धुतला नाही तर ब्रश फुकट जाईल. ब्रशपण वाचवायचाच ना?" वकिलाने बाजू मांडली.

भिंतींवर रडक्या पृथ्व्या टांगून पोरं शहाणी झाली असती, तर एव्हाना जगात एकही नळ गळला नसता. पानाबाईला हे भाषण कुणी शिकवलं नव्हतं, पण पोराच्या मागे धावता धावता तिला एक गोष्ट दिसली. वकील स्वतःचा चेंडू उशाला घेऊन झोपतो. शाळेचा चेंडू त्याने गटारात घालवला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. पाणी या पोरांचं नाहीच. ते आईचं आहे, सरकारचं आहे, पृथ्वीचं आहे. परक्याची वस्तू कोण कशाला जपेल?

त्यांच्या घरात पोटमाळ्यावर एक टाकी आहे. सकाळी पाणी येतं, टाकी भरते, दिवसभर तेवढ्यावर भागवायचं. टाकीखाली एक कॉक. तो बंद केला की घरातले सगळे नळ कोरडे. पानाबाईने त्या कॉकची लाल दांडी स्क्रू काढून सुटी केली आणि तिच्यात दोरी ओवली. टाकीच्या अंगाला बाहेरून एक पारदर्शक नळी बसवली, म्हणजे आत पाणी किती उरलंय ते खाली उभं राहूनही दिसावं. मग तिने सगळ्यांना समोर बसवलं.

"उद्यापासून पाण्याला रोज एक मालक. दांडी ज्याच्या गळ्यात, पाणी त्याचं. बाकीच्यांनी मागायचं. मीसुद्धा मागणार. प्यायला आणि संडासाला अडवायचं नाही, त्याचं पाणी सकाळीच वेगळं भरून ठेवायचं. बाकी मालकाची मर्जी. सगळ्यात शेवटी जो घराबाहेर पडेल त्याने कॉक बंद करायचा. आणि संध्याकाळी टाकीत जे उरेल ते मालकाचं. त्याचं त्याने काय वाटेल ते करावं."

फौजदाराचे कान टवकारले. "काय वाटेल ते?"

"काय वाटेल ते."

"टबात बसले तर?"

"गळ्यापर्यंत बस."

"टाकी अख्खीच्या अख्खी उरली तर?"

"तर तू आंघोळ केली नाहीस असं समजून मी तुला त्यात बुचकळेन," बाप म्हणाला.

नव्याचे नऊ दिवस, असं त्याला वाटलं होतं. पण खेळ अंगात भिनला. बापाचा पहिला दिवस आला तेव्हा त्याने मागेल त्याला हो म्हटलं, कारण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नाही. दुपारीच टाकी ठणठणीत. संध्याकाळी खरकट्या ताटांचा डोंगर बघून फौजदाराने त्याला भिंतीशी उभं केलं. "तुमच्यासारख्याला मालक करूच नये कुणी!" वकील मात्र आपल्या दिवशी कंजूषपणाचा कळस करायचा. आईने हात धुवायला पाणी मागितलं की आधी विचारायचा, "कशाने भरलेत? तेलाने की मातीने?" उरलेलं पाणी तो गच्चीवरच्या आपल्या वेलाला घालायचा आणि मग वेलाशेजारी असा उभा राहायचा, जणू पाऊस त्यानेच पाडला. फौजदाराचा टब ठरलेला. भाजी धुतलेल्या पाण्याने फरशी पुसायची, कपड्यांच्या शेवटच्या पाण्याने पायपुसणी धुवायची, हे तिला कुणी सांगितलं नाही. तांब्यातांब्याने आपला टब भरताना तिला दिसत होता, एवढंच. 'पर्यावरण' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. तो पाठ्यपुस्तकात होता, परीक्षेपुरता.

असं सगळं छान चाललेलं असताना पानाबाईची आई आली.

आई म्हातारी, एकटी, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, गुडघे कुरकुरणारी. तिने आता कायमचं आपल्याकडे राहावं असं पानाबाईच्या फार मनात होतं. पण मायलेकी एकाच मुशीतल्या. लेकीला वाटायचं, आपण 'राहा' म्हटलं आणि ती 'नाही' म्हणाली तर? आईला वाटायचं, न बोलावता राहायला मी काय निराधार आहे? त्यामुळे फोनवर लेक म्हणाली, "ये की थोडे दिवस. हवापालट होईल." आई म्हणाली, "बघते. जमलं तर." आणि लगेच बॅग भरून हजर झाली. आता ती राहते की जाते, या एका धाकधुकीवर पानाबाईचा सगळा आठवडा टांगलेला होता. विचारायची मात्र हिंमत नाही. गावाला पाणी पाजणारी बाई आपल्या आईपुढे मुकी.

आणि आजी नळ सोडायची. साधा नाही, धबधबा. एक वाटी धुवायची तर आधी नळ पूर्ण सोडून ती क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहायची, मग वाटी हातात घ्यायची. पानाबाईला त्याचं कारण माहीत होतं. उमेदीची सगळी वर्षं या बाईने अंगणातल्या सार्वजनिक नळावरून तीन जिने पाणी वाहिलं होतं. काखेत घागर, हातात बादली, पाठीमागे रडणारी पोरगी. त्या पोरगीने मोठेपणी हा धंदा शिकल्यावर पहिली पाइपलाइन टाकली ती आईच्या स्वयंपाकघरात. तेव्हा आईने नळ सोडला, त्याखाली हात धरला आणि म्हणाली, "आज मी श्रीमंत झाले बघ." आता त्या श्रीमंतीला 'बंद कर' कसं म्हणायचं?

पण पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आळीपाळीने नळाकडे आणि आईकडे बघत होती. वकिलाने शेवटी तोंड उघडलंच.

"आई, आजीला नियम नाही का?"

"नाही."

"का नाही? तूच म्हणालीस, मीसुद्धा मागणार. मग आजी का नाही?"

"अरे, पाहुणी आहे ती!" पानाबाई खेकसली. "चार दिवस आलीय, तिला काय तांब्यातांब्याला हात पसरायला लावू?"

स्वयंपाकघरातला धबधबा एकदम थांबला. त्या संध्याकाळी जेवताना जावयाने दोनदा विनोद केला तरी आजी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मालक होती फौजदार.

सकाळी बाप भट्टीवर गेलेला, पानाबाई पिशवी घेऊन एका दातांच्या डॉक्टरकडे तुंबलेलं बेसिन मोकळं करायला गेलेली, वकील सायकलने शाळेत. आजीने आधी सगळी पायपुसणी धुतली, वाहत्या नळाखाली. फौजदार दप्तर पाठीला लावून टाकीच्या नळीकडे बघत उभी होती. पाणी उतरत होतं. टब उतरत होता. मग आजी आंघोळीला गेली आणि आतून धो धो आवाज सुरू झाला.

"आजी! नळ!"

धो धो.

"आजी, टाकी अर्धी झाली!"

धो धो, आणि वर गाणं.

बाहेर शाळेच्या गाडीचा भोंगा वाजला. एवढा वेळ झाला म्हणजे आंघोळ झालीच असणार, असं फौजदाराने ठरवलं. स्टुलावर चढली, दांडी लावली, कॉक बंद केला, दांडी गळ्यात अडकवली आणि गाडीत जाऊन बसली.

आत आजीने नुकताच डोक्याला साबण लावला होता.

संडासातली बादली भरलेली होती. ती डोक्यावर घेण्यापेक्षा जीव दिलेला बरा. पिण्याचा माठ भरलेला होता. पण पिण्याच्या पाण्याने आंघोळ करणं हे तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. तोंडचं पाणी पळालं आणि नळाचंही. टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून तिने खिडकीतून हाक दिली ती थेट शेजारच्या शिलाईकाकूंनी ऐकली. काकू चांगल्या मनाच्या, पण त्यांच्या पोटात बातमी टिकत नाही. त्यांनी आधी पानाबाईला फोन लावला.

पानाबाई बेसिनखाली आडवी पडलेली. डॉक्टरने फोन तिच्या कानाला लावला.

"अगं, तुझी आई साबणात उभी आहे!"

"कशात?"

"साबणात! नळच बंद झालेत सगळे. मी दोन बादल्या देते म्हटलं तर म्हणते, दुसऱ्याच्या घरचं पाणी डोक्यावर घेत नाही मी. लवकर ये बाई, वाळत चालल्यात त्या!"

पानाबाई अशी उठली की डोकं बेसिनवर आपटलं. "बाई, हे मध्येच सोडून कसं..." डॉक्टर म्हणाला. "दात उपटताना तुमची आई साबणात उभी राहिली तर तुम्ही काय कराल?" एवढं बोलून ती स्कूटरवर बसलीसुद्धा. डॉक्टर या प्रश्नाचा विचार करत उभा राहिला.

घरी येऊन बघते तर आजी दाराजवळच्या खुर्चीत. साडी नेसलेली, पायाशी भरलेली बॅग, आणि डोक्यावर केसांचा पांढराशुभ्र कडक मनोरा. कांजी केल्यासारखा.

"आई, थांब, आत्ता कॉक उघडते. डोकं धुऊन घे."

"नको."

"अगं, केस चिकटतील."

"चिकटू देत. तुमचं पाणी तुम्हाला लखलाभ. जावईबापू आले की मला गाडीत बसवून देतील."

"आई, पोर आहे ती. चुकली असेल."

"पोरीचं काही चुकलं नाही," आजी म्हणाली. "पाहुण्यांनी किती दिवस राहावं हे पाहुण्यांना कळायला पाहिजे."

पानाबाईच्या डोळ्यांपुढे कालचं सगळं लख्ख आलं. हीच वेळ होती बोलायची. पण संताप असा विचित्र, की नेमक्या वेळी तो स्वतःवरच निघतो. तिने पाना काढला, कॉक उघडला, बाथरूममधला उघडा राहिलेला नळ वाहू लागला, आणि आजी ढिम्म हलली नाही. म्हणून पानाबाईने पुन्हा कॉक बंद केला. मायलेकी समोरासमोर बसून राहिल्या. बेकरीवाला आला तेव्हा त्याने हे दृश्य पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला विनोद सुचला नाही. तो मनोऱ्याकडे बघत म्हणाला, "आई, जेवूनच निघा," आणि पाव कापायला बसला.

पोरं शाळेतून आली. फौजदाराच्या गळ्यात लाल दांडी होती. सबंध वर्गाला दाखवून झाली होती. दारातच तिला आजीचं डोकं दिसलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तू बंद केलास कॉक?" पानाबाईने विचारलं.

"हो."

"आजी आत आहे हे माहीत होतं?"

"झाली असेल आंघोळ असं वाटलं."

"खरं सांग. मुद्दाम केलंस?"

फौजदाराने विचार केला. वकील तिच्या मागून कुजबुजला, "नाही म्हण, नाही म्हण."

"अर्धं मुद्दाम," ती म्हणाली.

बापाने तोंडावर हात ठेवला. आजीच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो जागच्या जागी आणला.

"सॉरी आजी," फौजदार म्हणाली. मग बॅगेकडे बघून, "तू चाललीस?"

"हो बाई. तुमच्या राज्यात आमच्यासारख्यांचं काय काम? रोज एकेकाला मालक करता. माझा दिवस आला का कधी? मला कुणी विचारलं तरी का? मला आपलं मागच्या दारी उभं केल्यासारखं... पाणी हवंय, घ्या, पाहुण्या आहात."

"पण पाहुण्यांना दिवस नसतोच!" फौजदार वैतागून म्हणाली. असला सोपा नियम या म्हाताऱ्या माणसाला कळू नये याचं तिला नवल वाटलं. "जे इथे राहतात त्यांनाच असतो. तू राहणार असलीस तर तुलापण मिळेल. आईने तर दोरी आधीच मोठी केलीय. तुझ्या अंबाड्यावरून गेली नसती म्हणून."

आजीने लेकीकडे पाहिलं.

"ही काय म्हणते?"

पानाबाई भिंतीकडे बघत होती. "काय म्हणते म्हणजे? काहीही बडबडते."

"दोरी मोठी केलीस?"

"केली. मग? लहान होती." मग तिचा बांध फुटला, पण तिच्या पद्धतीने, म्हणजे ओरडून. "मग काय तुला हवापालटाला आणलं असं वाटलं? इथे कसली हवा आहे, गटार आहे समोर! राहायलाच आणलं. आठवडाभर जीभ चावत बसलेय. तू आपणहून म्हणशील, तू म्हणशील, म्हणून वाट बघतेय. तू कसली म्हणतेस! तुझ्या नाकावर माशी बसत नाही."

"मी म्हणू?" आजीचाही आवाज चढला. "लेकीच्या दारात येऊन मीच म्हणू, मला ठेवून घ्या? तुला तोंड नव्हतं? सगळ्या गावाशी भांडतेस, आईला दोन अक्षरं बोलायला जीभ झडली?"

"राहा! झालं? राहा म्हणते!"

"राहते! ओरडतेस कुणावर?"

वकील बापाला म्हणाला, "बाबा, या दोघी भांडतायत की काय करतायत?"

"गप बस आणि पाव खा," बाप म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आणि कांदा तर त्याने अजून चिरायला घेतला नव्हता.

आजीने पदराने नाक पुसलं आणि फौजदारापुढे हात केला. "आण ती दांडी इकडे."

फौजदार दोन पावलं मागे सरली. "तुझा दिवस उद्या. आज माझाच आहे."

"अगं ए!" पानाबाई पुढे झाली, पण आजीने तिला हाताने थांबवलं. नियम म्हणजे नियम. तिलाही आता तो हवा होता. ती खुर्चीतून उठली, गुडघ्यांवर हात ठेवून थोडी वाकली, मनोऱ्यासकट, आणि म्हणाली, "मालकीणबाई, डोक्याला थोडं पाणी मिळेल का?"

"एक बादली."

"एवढ्यात तुझ्या बाहुलीचे केस धुऊन होतील. तीन."

"दोन."

"अडीच, आणि तूच येऊन घाल. म्हणजे एक थेंब वाया गेला तर तुझ्या डोळ्यांदेखत जाईल."

सौदा ठरला. पुढचा अर्धा तास बाथरूममधून नुसता गोंधळ ऐकू येत होता. "डोळ्यात गेलं!" "मग डोळे मिट ना!" "बाजूला काय ओततेस, मध्ये ओत!" आणि खिदळणं, एक म्हातारं आणि एक कोवळं. अडीच बादल्या कधीच संपल्या होत्या. नळीतलं पाणी खाली खाली जाताना वकिलाने पाहिलं आणि मोठ्याने ओरडून सांगितलं, "तुझा टब गेला!" आतून उत्तर आलं, "जाऊ दे!"

आजीचा दिवस उजाडला आणि घराला कळलं की मालक म्हणजे काय असतो. तीन जिने वाहिलेल्या बाईला बादलीचं वजन सांगावं लागत नाही. तिने सकाळीच सगळ्यांना धारेवर धरलं. वकिलाची एक बाजू ऐकून घेतली नाही. जावयाला म्हणाली, "पीठ कोरड्या फडक्याने आधी झटका, मग या हात धुवायला." पानाबाई कामावरून आली, सवयीने नळ सोडला, हाताला साबण चोळत राहिली.

"बंद कर आधी! तुझ्या सासऱ्याची विहीर आहे का?"

पानाबाई चपापली. नळ बंद केला. पोरांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. आईला दटावणारं कुणीतरी या जगात आहे, ही त्यांच्यासाठी त्या आठवड्यातली सगळ्यात मोठी बातमी होती.

संध्याकाळी टाकी निम्म्याहून जास्त उरली. एवढी कधीच कुणाला उरवता आली नव्हती. पोरं आजीभोवती नाचत होती, काय करणार, सांग ना, काय करणार. पण आजीचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहून चौकट वितीने मोजत होती.

"माझं लोखंडी कपाट यातून आत येईल का?" तिने विचारलं.

"ते हत्तीसारखं? मुळीच नाही," पानाबाई म्हणाली. "कपडे आण, कपाट विक."

"कपाट आलं नाही तर मीही येत नाही."

"आलीच आहेस तू, आता कुठे जातेस! अहो, आडवं केलं तर जाईल का हो?"

बेकरीवाल्याने दाराकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, मग सासूकडे. "कपाट जाईल आई. पण मग आपल्यापैकी एकाला बाहेर झोपावं लागेल."

"तुमचं काय ते, जावईबापू," आजी चौकटीवरून हात न काढता म्हणाली. "तुम्हाला तसंही पहाटे उठून बाहेरच जायचं असतं."